बंजाऱ्यांचें कथावाङ्मय आणि आमची टीका

हिंगोली जिल्ह्याच्या सेनगांव, औंढा नागनाथ आणि कळमनुरी या तालुक्यांतून प्रवास करणाऱ्यास गांवाच्या शिवेपाशीं, बहुधा माळावर किंवा एखाद्या टेकडीच्या उतरणीवर, घरांचे लहान लहान पुंजके दिसतात. गांवाचें नांव एक असतें आणि त्या पुंजक्याचें दुसरें; मात्र त्या दुसऱ्या नांवाला ‘तांडा’ हा शब्द जोडलेला असावयाचाच. हा जिल्हा परभणींतून निघून १ मे १९९९ रोजीं वेगळा झाला. तांडे त्याच्या कितीतरी आधींपासून तेथें आहेत. ह्या तांड्यांत गाणीं आहेत, कथा आहेत, वंशावळी आहेत, लग्नांतील विलाप आहेत आणि होळीच्या रात्रींची थट्टाही आहे. एवढा संसार ज्या जमातीनें पिढ्यान् पिढ्या केवळ मुखानें सांभाळला, तिच्या ह्या ठेव्याविषयीं मराठी वाङ्मयाच्या इतिहासकारांनीं बहुतेक मौनच पाळलें आहे. ज्यांनीं लिहिलें त्यांनीं ही जमात मूळची कोण, कोठून आली, तिला कोणत्या यादींत घालावें, एवढ्याच प्रश्नांपुरता ह्या कथांचा उपयोग केला. उलटतपासणींत साक्षीदाराला वागवितात तसें आम्हीं कथेला वागविलें आहे. तिला कथा म्हणून फारसें कोणी ऐकलेंच नाहीं, ही आमची तक्रार आहे, आणि ती कां हें पुढें जरा विस्तारानें सांगावयाचें आहे.

आधीं नांवाचा घोटाळा मिटवूं. आमच्या पांढरपेशा घरांतून बंजारा, वंजारी, लमाण, लंबाडी हे शब्द वाटेल तसे एकमेकांच्या जागीं वापरले जातात. महाराष्ट्रांतील वंजारी ही मराठी बोलणारी निराळी जात आहे. ज्यांच्याविषयीं आम्ही लिहीत आहों ते बंजारा अथवा लमाण. ते स्वतःला ‘गोर’ म्हणवितात, बाहेरच्याला ‘कोर’ म्हणतात, आणि घरीं बोलतात ती गोरबोली. ग्रीअर्सननें आपल्या भाषापाहणीच्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागांत, म्हणजे १९०७ सालीं, तिचा विचार केला आणि तिचें नातें राजस्थानीशीं जोडलें. मराठी, तेलुगु आणि उर्दू ह्या तीन थोर भाषांच्या शेजारांत राहून त्या बोलीनें आपला सांगाडा टिकविला, ही गोष्ट भाषाशास्त्रज्ञापेक्षां टीकाकाराला अधिक महत्त्वाची वाटली पाहिजे. जी भाषा पेठेंत, कचेरींत किंवा शाळेंत कोठेंच उपयोगी पडत नाहीं ती टिकते ती घरांतल्या बोलण्यावर आणि गाण्यागोष्टींवर. बोलणें सोईप्रमाणें बदलतां येतें. गाणें बदललें कीं मोडतें. तेव्हां भाषा राखण्याचें अर्ध्याहून अधिक काम गाण्यांनींच केलें असलें पाहिजे.

गोरबोलीला स्वतःची रूढ लिपि नाहीं. महाराष्ट्रांत ती देवनागरींत, तेलंगणांत तेलुगु लिपींत आणि कर्नाटकांत कानडी लिपींत लिहितात. म्हणजे एकच गाणें तिन्ही ठिकाणीं छापलें तर सख्ख्या भावंडांना एकमेकांचें वाचतां येऊं नये, अशी स्थिति आहे. सरकारी याद्यांतही तोच प्रकार. महाराष्ट्रांत ही जमात विमुक्त जातींत, तेलंगणांत अनुसूचित जमातींत आणि कर्नाटकांत अनुसूचित जातींत मोडते. ह्या वादांत आम्ही शिरत नाहीं; परंतु कथेवर त्याचा जो परिणाम झाला आहे त्याकडे पुढें वळावें लागेल.

ह्या लोकांचा पूर्वेतिहास वाचकांस थोडाबहुत ठाऊक असेलच. रेल्वे येण्यापूर्वीं धान्य आणि मीठ यांची दूरदूरची वाहतूक बैलांच्या पाठीवरून मुख्यतः बंजारेच करीत. पीटर मंडी ह्या इंग्रज प्रवाशाला १६३२ सालीं उत्तर हिंदुस्थानांत धान्यानें लादलेल्या १४,००० बैलांचा एक तांडा भेटला. त्याच शतकांत तावेर्न्ये ह्या फ्रेंच व्यापाऱ्यानें लिहून ठेवलें आहे कीं, यांचे चार वर्ग असून एक धान्य, दुसरा तांदूळ, तिसरा डाळी आणि चौथा मीठ एवढेंच वाहतो. मोगलांच्या दक्षिणेंतील मोहिमा यांच्या बैलांवर चालल्या, आणि १८०३ सालीं मराठ्यांवर चालून आलेल्या वेलस्लीच्या फौजेलाही रसद पुरविणारे बंजारेच होते. व्यापाऱ्याला दोन्ही सैन्यांची भूक सारखीच! पुढें गाडीरस्ते झाले, आगगाडी आली, आणि थोड्याच पिढ्यांत हा धंदा बुडाला. ‘तांडा’ हा चालत्या काफिल्याचा वाचक शब्द बसलेल्या वस्तीचा वाचक झाला. त्यांतच १८७१ सालीं इंग्रज सरकारनें गुन्हेगार जमातींचा कायदा केला. तो १९५२ सालीं रद्द होईपर्यंत अनेक ठिकाणीं बंजाऱ्यांवरही त्याची छाया पडलेली होती.

आणि नेमक्या ह्याच काळांत त्यांच्या कथा कागदावर उतरूं लागल्या. उतरवून घेणारा कोण? वऱ्हाडच्या पोलीस खात्यांतील कंबरलेज नांवाचा अधिकारी. त्याचें टिपण मूळ १८६९ च्या सुमारास लिहिलें गेलें असावें असें मानतात. १८८२ सालीं तें पुन्हां छापलें गेलें. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनीं १९१६ सालीं मध्यप्रांतांतील जातिजमातींवर जो चार खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांतील बंजाऱ्यांवरचें प्रकरण बऱ्याच अंशीं ह्या टिपणावर उभें आहे. आणि त्या प्रकरणाचा आधार घेऊन मागाहूनच्या पुष्कळांनीं आपापलीं पानें भरलीं आहेत. वऱ्हाड आणि हिंगोली यांच्यामध्यें पैनगंगा वाहते, पण तांड्यांच्या दृष्टीनें ती कांहीं सीमा नव्हे. तेव्हां कंबरलेजचें टिपण हिंगोलीच्या तांड्यांनाही लागू पडतें.

पोलिसानें लिहिलें म्हणून तें टाकून द्यावें असें आम्ही म्हणत नाहीं. जो संशयानें पाहतो तो पुष्कळ वेळां बारकाईनेंही पाहतो. उणीव आहे ती दुसरीच. कथा सांगणारा कोण होता, तो कोणत्या प्रसंगीं आणि कोणासमोर सांगत होता, त्याचे मूळ शब्द काय होते, ह्यांपैकीं कांहींही त्या पानांवर उरलेलें नाहीं. कथेचें सार तेवढें राहिलें. एखाद्या नाटकाचें कथानक चार ओळींत सांगून नाटक कसें होतें हें आपण ठरवीत नाहीं. मग तांड्यांतील कथेच्या बाबतींत तेवढ्यावर समाधान कां मानावें?

असें असूनही त्या सारांशांत एक गोष्ट अशी आहे कीं तिच्यापाशीं आम्हांला थांबावेंच लागलें. चारण बंजाऱ्यांचे वंशपरंपरागत गायक म्हणजे ढाडी. त्यांच्या स्वतःच्या सांगण्याप्रमाणें त्यांचा मूळपुरुष भाट होता. तो नानकांचा शिष्य झाला आणि गुरूबरोबर हुमायून बादशहाच्या मेजवानीस गेला. तेथें त्याच्या खाण्यांत गाईचें किंवा रेडकाचें मांस आलें आणि त्यामुळें तो मुसलमान झाला. मग तो दरबारीं गवई म्हणून राहिला. त्याचे मुलगे चारणांत आले आणि त्यांचे गायक बनले. हे ढाडी आपल्या आणि चारणांच्या पूर्वजांचें, तसेंच दिल्लीच्या जुन्या राजांचें यश गात. वर्षांतून ठराविक ऋतूंत ते तांड्यांवर येत, आणि प्रत्येक घर त्यांना एक गोऱ्हा किंवा कांहीं रुपये देई. धर्मानें मुसलमान, परंतु सरस्वतीची पूजा करणारे; लग्नांत त्या भाटाच्या दोन मुलांच्या नांवें बोकड देणारे; आणि कोणी वारलें म्हणजे प्रार्थना म्हणावयास फकीर बोलावणारे.

इतिहासाचा अभ्यासक विचारील, हें घडलें का? टीकाकारानें विचारावयाचें तें असें, कीं ही गोष्ट ढाड्यानेंच कां सांगावी, आणि चारणांनीं ती कां ऐकून घ्यावी? आम्हांला तिचें मर्म असें दिसतें. जो दुसऱ्याची वंशावळ सांभाळतो तो त्या वंशांतला असून चालत नाहीं. ज्याला त्या कुळांत मुलगी द्यावयाची नाहीं कीं घ्यावयाची नाहीं, ज्याचा वाटणींत हिस्सा नाहीं, त्यालाच कोणाचा पूर्वज थोर आणि कोणाचा हलका हें निर्भयपणें म्हणतां येईल. मेजवानींतील त्या एका घांसानें गायक जातीबाहेर गेला, आणि म्हणूनच तो जातीचा स्मरणकर्ता होण्यास योग्य ठरला. अशी व्यवस्था केवळ बंजाऱ्यांतच आहे असें नाहीं. हिंगोलीच्या पूर्वेस किनवट आणि आदिलाबादकडे जे गोंड राहतात त्यांच्या कथा प्रधान गातात. तेही गोंडांहून निराळे, आणि यजमानानें दिलेल्या दानावर अवलंबून. फ्यूरर-हायमेनडॉर्फ ह्या मानववंशशास्त्रज्ञानें आदिलाबादच्या राजगोंडांवर १९४८ सालीं जो ग्रंथ प्रसिद्ध केला त्यांत ह्या प्रधानांचें महत्त्व चांगलें उमटलें आहे. (त्याच लेखकाच्या १९८२ च्या ग्रंथांत बंजारे येतात ते गोंडांच्या जमिनी व्यापणारे म्हणून. तांड्यावर प्रेमानें लिहूं पाहणाऱ्यानें तेंही प्रकरण वाचावें. एका प्रदेशांत नाडला गेलेला समाज दुसऱ्या प्रदेशांत नाडणारा असूं शकतो.)

ढाड्याला मिळणाऱ्या गोऱ्ह्याचाही विचार करावा. ज्या तांड्यांत शेंकडों बैल आहेत त्या तांड्याला वर्षांतून एक गोऱ्हा देणें जड नव्हतें. बैल गेले, आणि त्यांच्याबरोबर गायकाचा मेहनतानाही गेला. आमच्याकडे अशा गायकीच्या ऱ्हासाचें कारण शिक्षण, सिनेमा किंवा नव्या पिढीची अनास्था असें सांगण्याची रीति पडून गेली आहे. ह्या ठिकाणीं निदान पहिला घाव लोहमार्गानें घातला, आणि तो गायकाच्या गळ्यावर नसून त्याच्या यजमानाच्या गोठ्यावर होता.

आतां दुसरी कथा, चारणांच्या मूळपुरुषाची. तिचीं रूपें अनेक आहेत आणि नांवांत फरक पडतो. परंतु गाभा असा. मोला नांवाचा पुरुष आणि त्याची स्त्री राधा यांना मूल नव्हतें. मोला एका राजाच्या दरबारीं गेला आणि त्यानें शरीराचे चमत्कारिक खेळ करून दाखविले. राजा खूष झाला आणि त्यानें त्याला तीन मुलगे दिले. त्या तिघांपासून राठोड, पवार आणि चव्हाण हीं थोर कुळें निघालीं.

ह्या कथेचा उपयोग आजवर कसा झाला? राठोड, पवार, चव्हाण हीं नांवें दिसलीं कीं लेखक राजस्थानाकडे धांव घेतात, रजपुतांशीं नातें सिद्ध करितात, आणि मोला व त्याचा खेळ यांना भाकडकथा म्हणून बाजूस सारतात. म्हणजे कथेंतून जें गाळावयाचें तेंच ठेवतात आणि ठेवावयाचें तें गाळतात. कारण ही कथा रक्ताच्या अभिमानाची नाहींच. तिच्या मुळाशीं एक निपुत्रिक खेळगडी आहे. त्याला मुलगे मिळाले ते कलेचें बक्षीस म्हणून. आणि एका मोठ्या जमातीचीं कुळें त्या बक्षिसांतून निघालीं. सूर्यापासून, चंद्रापासून, अग्निकुंडांतून कुळें निघाल्याच्या कथा आमच्या पुराणांत पुष्कळ आहेत. दत्तक मुलांपासून आपला वंश निघाला हें उघडपणें आणि कौतुकानें सांगणारी कथा आम्हांला दुसरी चटकन आठवत नाहीं. ज्या समाजाला गांवाचा, जमिनीचा, देवळाचा आधार नव्हता, जो आज एका राजाच्या मुलखांत तर उद्यां दुसऱ्याच्या, त्याला आपलें एकत्व रक्तावर उभारण्यापेक्षां सांभाळण्यावर उभारणें अधिक खरें वाटलें असावें. हें आमचें अनुमान आहे. तें कोणास पटो वा न पटो, पण कथेंत जें आहे त्यावरून केलेलें आहे. रजपूत मूळ सिद्ध करणाऱ्यांचें अनुमान कथेंत जें नाहीं त्यावरून केलेलें असतें.

हा रोग केवळ आमच्याकडचा नाहीं. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर, नोव्हास्कोशिया आणि त्याच्या आसपास, मिकमाक नांवाची तेथील मूळ रहिवाशांची जमात आहे. ग्लूस्कॅप ह्या वीरपुरुषाच्या कथा त्यांच्यांत आणि त्यांच्या शेजारच्या जमातींत सांगितल्या जातात. तो बलाढ्य, विनोदी, माणसांचा कैवारी, आणि शेवटीं पुन्हां येण्याचें आश्वासन देऊन निघून गेलेला असा आहे. लेलंड नांवाच्या अमेरिकन लेखकानें १८८४ सालीं ह्या कथा इंग्रजींत प्रसिद्ध केल्या, आणि त्या इतक्या चांगल्या आहेत कीं त्या मूळच्या उत्तर युरोपांतील नॉर्स लोकांच्या असल्या पाहिजेत असा सिद्धांत मांडला! रानांत राहणाऱ्या माणसाला स्वतःची प्रतिभा असूं शकते हें त्याला पटेना. आमच्या रजपूतवाद्यांची जात हीच. पहिला संशोधक दर्यापारचा मूळपुरुष शोधतो, दुसरा राजस्थानांतला. कथा सांगणारा दोघांनाही अपुरा वाटतो.

मिकमाकांचें उदाहरण आणखी एका कारणासाठीं घ्यावेंसें वाटतें. त्यांच्या कथांचा मोठा संग्रह सायलस रँड ह्या धर्मोपदेशकानें एकोणिसाव्या शतकांत केला. तो त्याच्या मृत्यूनंतर १८९४ सालीं प्रसिद्ध झाला. रँड त्यांची भाषा उत्तम जाणत होता. तरीही बहुतेक कथा त्यानें मिकमाक भाषेंत ऐकल्या आणि इंग्रजींत लिहून घेतल्या. कथा उरल्या, पण त्यांतील बोलणें गेलें. पुढें १९३० पासून १९६७ पर्यंत शुबेनॅकडी येथें मुलांकरितां निवासी शाळा चालली. तेथें स्वभाषेंत बोलल्याबद्दल मुलांना शिक्षा होत असे. ह्याच शाळेंत शिकलेली रीटा जो पुढें मिकमाकांची नामांकित कवयित्री झाली. १९३२ ते २००७ हा तिचा काळ. आपलें बोलणें हरवल्याचें दुःख तिला इंग्रजींतच लिहावें लागलें. नोव्हास्कोशियाच्या विधिमंडळानें मिकमाक भाषेला त्या प्रांताची पहिली भाषा म्हणून मान्यता दिली ती २०२२ सालीं.

ही तुलना फार ताणणें अन्यायाचें होईल. मराठवाड्यांतील शाळांनीं गोरबोलीवर तशी मोहीम केली असें कोणी म्हणणार नाहीं. तांड्यांतील मुलानें मराठी शिकावें आणि उत्तम शिकावें; गहुलीच्या तांड्यांत जन्मलेले वसंतराव नाईक १९६३ पासून १९७५ पर्यंत ह्या राज्याचे मुख्यमंत्री होते, आणि त्यांच्या कारभाराची भाषा मराठीच होती. परंतु ज्या मुलाची आई त्याला गोरबोलींत अंगाई म्हणते त्याच्या पहिल्या पुस्तकांत त्या बोलीचा एक शब्दही नसावा, ह्यांत दुष्टपणा नसला तरी परिणाम हळूहळू तोच होतो. शिक्षेवांचूनही भाषा हरवते. तिला फक्त कोठें विचारलें गेलें नाहीं म्हणजे पुरें.

मराठी टीकेला हें काम झेपणारें नाहीं असें मात्र मुळींच नाहीं. ह्याच हिंगोली जिल्ह्यांत नरसी आहे. परंपरा तेथें नामदेवांचा जन्म मानते. नामदेवांचे गुरु विसोबा खेचर यांची कथा औंढ्याच्या नागनाथाशीं निगडित आहे. नामदेवांच्या नांवावर जे अभंग चालत आले त्यांतले त्यांचे कोणते आणि विष्णुदास नाम्यासारख्या मागाहूनच्या कवींचे कोणते, ह्याचा निवाडा करण्यांत आमच्या विद्वानांनीं हयाती घालविल्या. शीखांच्या ग्रंथसाहिबांत नामदेवांचीं ६१ पदें आहेत; त्यांची भाषा, त्यांचा पाठ, त्यांतील भाव यांवरही विचार झालेला आहे. तोंडीं चालत आलेल्या वाङ्मयाशीं कसें वागावें हें आम्हांला ठाऊक नाहीं अशी सबब म्हणूनच चालणार नाहीं. नरसीच्या शिंप्याच्या मुलासाठीं जी तपश्चर्या केली तिचा शतांशही शेजारच्या तांड्यासाठीं केला नाहीं, एवढेंच खरें.

तो केला असता तर सेवालाल महाराजांच्या कथेचें जें आज होत आहे तें झालें नसतें. परंपरेप्रमाणें सेवालालांचा जन्म १७३९ चा. त्यांची समाधि वाशीम जिल्ह्यांतील पोहरादेवी येथें आहे आणि हिंगोलीच्या तांड्यांचीही श्रद्धा तेथेंच आहे. त्यांच्याविषयीं जी मुख्य कथा सांगतात ती वाङ्मयदृष्ट्या फार मोलाची आहे. जगदंबेच्या मनांत येतें कीं भीमा नायकाच्या ह्या मुलानें आपला भगत व्हावें. सेवालाल नाकारतो, देवीला बळी लागतो आणि त्याला तो मान्य नाहीं. देवी कोपते. तांड्यावर संकटें येतात, गुरें मरतात, बाप हवालदिल होतो. तरी मुलगा ऐकत नाहीं. शेवटीं तो देवीची सेवा पत्करतो. तो कां वळला, कोणत्या बोलीवर वळला, हें सांगणारा बदलला कीं बदलतें.

ह्या कथेंतील पेंच वाचकांनीं लक्षांत घ्यावा. आमच्या संतचरित्रांत भक्त देवाच्या मागें लागतो. येथें देवी भक्ताच्या मागें लागली आहे. आणि जो नकार देतो त्याच्या नकाराची किंमत त्यानें एकट्यानें द्यावयाची नसून साऱ्या तांड्यानें द्यावयाची आहे. स्वतःच्या मनाला पटत नाहीं म्हणून दुसऱ्यांचे बैल मरूं द्यावेत का? हा प्रश्न ग्रीक नाटककारांना शोभणारा आहे. कथा त्याचें सोपें उत्तर देत नाहीं. सेवालाल हरला म्हणावें तर देवी त्याच्याच नांवानें ओळखली जाऊं लागते. जिंकला म्हणावें तर तो शेवटीं नमलेला आहे. दोघांच्या बोलण्यांत सौद्याची घासाघीस आहे, आणि ती व्यापारी जमातीच्या कथेला अगदीं साजते.

आतां मराठींत छापलेलीं लहान चरित्रें पाहावीं. आमच्या पाहण्यांत जीं आलीं त्यांत हा झगडा दोन वाक्यांत आटोपतात, किंवा गाळूनच टाकतात. आणि उरतात ते सेवालाल व्यसनमुक्तीचा, पाणी राखण्याचा आणि सदाचाराचा उपदेश करणारे सत्पुरुष. हा उपदेश परंपरेंत आहे, तो खोटा नाहीं. परंतु चरित्रकाराला आपल्या महापुरुषाला इतर संतांच्या ओळींत नीट बसवावयाचें असतें, आणि देवीशीं भांडणारा, मग नमणारा तरुण त्या ओळींत नीट बसत नाहीं. आपली बाजू बाहेरच्यांपुढें मांडावी लागणारा समाज आपल्याच कथेचे कोपरे घासून गुळगुळीत करूं लागतो. सरकारी याद्यांचा कथेवर परिणाम होतो असें आम्हीं वर म्हटलें तें ह्या अर्थानें. ह्यांत चरित्रकाराला दोष देण्यापेक्षां, खडबडीत कथा तशीच छापली तर तिला मान देणारा वाचकवर्ग मराठींत आहे असा भरंवसा आम्हीं त्याला कधीं दिला नाहीं, हें मान्य करणें बरें.

स्त्रियांच्या गाण्यांविषयीं थोडेंच लिहितों, कारण तीं केवळ कागदावर पाहून त्यांच्यावर मत देणें हा उद्धटपणा होईल. लग्नांत नवरी जो ‘ढावलो’ म्हणते तो धड गाणेंही नव्हे आणि धड रडणेंही नव्हे. एकेका नातलगाच्या गळ्यांत पडून ती त्याला संबोधून म्हणते. चाल ठरलेली असते, वडीलधाऱ्या स्त्रियांनीं ती शिकविलेली असते, पण शब्द तिला तेथल्या तेथें जुळवावे लागतात, कारण प्रत्येकाचें तिच्याशीं असलेलें देणेंघेणें निराळें. पूर्वीं ती सजविलेल्या बैलाच्या पाठीवर उभी राहून हात उंच करून माहेरचा निरोप घेई. श्रावणांतील तिजेंत अविवाहित मुली टोपल्यांत गहूं पेरतात, नऊ दिवस पाणी घालून गात राहतात, आणि मग तें धान्य विसर्जन करितात. ओव्यांचें कौतुक करणाऱ्या आमच्या समीक्षकांनीं ढावल्याची बरोबरी ओवीशीं करून पाहिली पाहिजे. ओवी जात्यापाशीं, बहुधा एकांतांत जन्मते. ढावलो ज्याच्याविषयीं आहे त्याच्या खांद्यावर डोकें ठेवून म्हणावयाचा असतो. ऐकणारा समोर असतां त्याच्याविषयीं खरें बोलावयाचें, आणि तेंही चालींत, ही कसोटी अवघड आहे.

मराठींत भटक्या समाजांचें वाङ्मय आलें तें आत्मचरित्राच्या वाटेनें. लक्ष्मण माने यांचें ‘उपरा’ १९८० सालीं आलें, लक्ष्मण गायकवाड यांचें ‘उचल्या’ १९८७ सालीं. त्यांचा गौरव झाला तो योग्यच झाला. परंतु त्या यशामुळें आमच्या टीकेची एक समजूत घट्ट झाली आहे कीं, अशा समाजांनीं मराठीला द्यावयाचें तें दुःखाचें प्रामाणिक निवेदन. त्यांनीं रचना द्यावी, विनोद द्यावा, देवीशीं केलेली घासाघीस द्यावी, अशी अपेक्षाच आम्ही करीत नाहीं. मोल्याची कथा दुःखाची नाहीं. होळीची ‘लेंगी’ तर नाहींच नाहीं. तींत स्त्री-पुरुष गोलांत नाचतात, एकमेकांची टर उडवितात, आणि तांड्याच्या नायकापासून नवख्या जांवयापर्यंत कोणी सुटत नाहीं.

ह्या वाङ्मयाचा संग्रह व्हावयाचा तर तो मूळ बोलींत, देवनागरींत, खालीं मराठी अर्थ देऊन व्हावा. सांगणाऱ्याचें नांव त्याच्या संमतीनें छापावें. कोणत्या प्रसंगीं आणि कोणासमोर सांगितलें तें लिहावें. आणि एकाच कथेचीं तीन रूपें मिळालीं तर तिन्ही द्यावीं, त्यांचें मिश्रण करून चौथें बनवूं नये. गोरबोली घरीं बोलणारे पदवीधर आतां मराठवाड्यांत पुष्कळ आहेत. हें काम त्यांनींच करावें, विद्यापीठांनीं त्यांना वेळ आणि वेतन द्यावें. मात्र एक गोष्ट योजना आंखणाऱ्यांनीं ध्यानांत घ्यावी. मराठवाड्यांतील अनेक तांड्यांतलीं कुटुंबें दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात तीं गाळप हंगाम आटोपल्यावर परत येतात. होळी त्या हंगामांतच पडते. फाल्गुनांत लेंगी ऐकावयास जो तांड्यावर जाईल त्याला बऱ्याच घरांना कुलूप आणि ओट्यावर बसलेले दोन-चार वृद्ध दिसतील. त्यानें तेथून साखर कारखान्याची वाट धरावी. फडाशेजारीं पाचटाच्या कोप्या असतात, आणि होळीच्या रात्रीं गाणारे पाय तेथें आहेत.